‘दु:ख’ की ‘दुःख’? स्कॅन केलेल्या पुस्तकातील चिन्हांविषयी

प्रश्न असा आहे की, स्कॅन केलेल्या मराठी पुस्तकाचा मजकूर दृष्टिबाधित वाचकांसाठी तपासताना ‘दु:ख’ आणि ‘दुःख’ यांत भेद करण्याची गरज आहे का, आणि ओळीच्या शेवटी आलेली संयोगचिन्हे सरसकट काढावीत का. पहिल्याचे उत्तर ‘होय’, दुसऱ्याचे ‘नाही’.

विसर्ग हा शब्दाचाच भाग आहे, अपूर्णविराम हे विरामचिन्ह आहे. डोळ्यांना दोन्ही ठिकाणी एकावर एक दोन टिंबेच दिसतात, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतांच्या प्रमाणित यादीत, त्यांचे संकेत निराळे आहेत आणि भारतीय भाषांसाठीच्या भारती ब्रेलमध्येही विसर्गासाठी केवळ सहावा बिंदू येतो, तर अपूर्णविरामासाठी दुसरा आणि पाचवा. ‘दु:ख’मध्ये अपूर्णविराम राहून गेला, तर संगणकाचा आवाज तेथे शब्द तोडून ‘दु’ आणि ‘ख’ असे दोन तुकडे ऐकवू शकतो. शिवाय ‘अंतःकरण’ शोधणाऱ्याला ‘अंत:करण’ सापडेलच असे नाही. दोन अक्षरांच्या मध्ये अडकलेला अपूर्णविराम जवळजवळ नेहमी विसर्गच असतो, म्हणून तेथे एकगठ्ठा बदल चालतो. शब्दाच्या शेवटी मात्र प्रत्येक जागा पाहावी लागते, कारण ‘स्वतः’, ‘प्रायः’, ‘वस्तुतः’ यांत विसर्ग हवा आणि ‘टीप:’, ‘पात्रे:’ यांत अपूर्णविराम. (‘टीपः’ असे विसर्ग देऊन लिहिण्याची खोड हल्ली टंकलिखित मजकुरात फारच बोकाळली आहे.)

संयोगचिन्हाचे काम अधिक नाजूक आहे. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने ओळ भरण्यासाठी ‘सरका-’ आणि ‘रने’ असे तोडले असेल, तर चिन्ह काढून शब्द जोडायलाच हवा. परंतु ‘ये-जा’, ‘ने-आण’ किंवा ‘आई-वडील’ नेमके ओळीच्या टोकाला आले असतील, तर चिन्हे सरसकट काढण्याची आज्ञा ‘येजा’ आणि ‘नेआण’ तयार करते. शंका आली, तर तोच शब्द त्याच पुस्तकात ओळीच्या मध्ये कसा छापला आहे ते पाहावे आणि तसाच ठेवावा.

ओव्या-अभंगांत दंडाकडे विशेष लक्ष द्यावे. अक्षर ओळखणारी प्रणाली ‘राम ।’ मधील दंडाला काना समजली, तर ‘रामा’ होते, आणि तो खराच शब्द असल्यामुळे शुद्धलेखन तपासनीस गप्प बसतो. ‘आईऽऽ’ या हाकेतील अवग्रहांच्या जागी रोमन ‘एस’ आले असतील, तर निदान ते लगेच नजरेत भरतात.

मूळ लेखकाची चिन्हे मात्र आपण सुधारू नयेत. मराठीत विरामचिन्हे रुळली ती एकोणिसाव्या शतकात, इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडींच्या पुढाकाराने. त्यामुळे जुन्या ग्रंथांत ‘तो म्हणाला:—’ अशी जोडचिन्हे भेटतात, तर कधी स्वल्पविरामाविना अर्धे पान चालणारी वाक्ये. ऐकणे सुकर व्हावे म्हणून त्यांत स्वल्पविराम पेरणे हे संपादन झाले, मुद्रितशोधन नव्हे. चिन्हांचा उच्चार किती व्हावा, हे वाचकाला स्क्रीनरीडरमध्ये, म्हणजे मजकूर वाचून दाखवणाऱ्या संगणक-प्रणालीत, स्वतः ठरवता येते. तपासणाऱ्याने ‘:—’ छापल्याप्रमाणेच ठेवावे, फक्त त्यातला अपूर्णविराम विसर्ग झालेला नाही ना, एवढे पाहावे.