न लिहिणारे जुने पेन घ्यावे का?

प्रश्न : जुन्या वस्तूंच्या एका विक्रेत्याकडे मला पार्कर ५१ हे फाउंटन पेन मिळत आहे. रंग चांगला टिकला आहे, पण पेन शाई ओढत नाही. विक्रेत्याच्या मते धुतले की ते चालेल. मला ते कपाटात ठेवायचे नसून रोज लिहायला हवे आहे. काय पाहून घ्यावे?

उत्तर : रोजच्या लेखनासाठी आपण निवडलेले पेन उत्तम आहे, मात्र विक्रेत्याचे म्हणणे खरे की नाही हे ते पेन कोणत्या घडणीचे आहे यावर ठरेल. १९४१ साली बाजारात आलेल्या या पेनात सुरुवातीला शाई भरण्यासाठी मागच्या टोकाच्या छोट्या टोपीखाली एक दांडी असे आणि ती दाबली की आतला रबरी पडदा हलून शाई ओढली जाई. तो पडदा कालांतराने कुजतो आणि नुसत्या धुण्याने दुरुस्त होत नाही. जाणकार कारागिराकडून तो बदलूनच घ्यावा लागतो. १९४८पासून आलेल्या पेनात मागचा भाग फिरवून काढला की धातूच्या आवरणात, दाबपट्टीखाली, एक पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी दिसते. ही पिशवी कमालीची टिकाऊ निघाली असून पुष्कळ पेनांत ती आजही मूळचीच आहे. आपल्याला मिळणारे पेन या प्रकारचे असेल, तर वाळलेली शाई हेच अडचणीचे कारण असण्याचा संभव मोठा आहे.

तरीही पैसे देण्याआधी निब पाहावी, कारण बाकी बहुतेक भाग बदलता येतात, पण निबच्या टोकावरचा कठीण धातूचा बारीक दाणा झिजला किंवा उडाला असेल तर नवा बसवणे खर्चाचे आणि मोजक्याच कारागिरांना जमणारे काम आहे. या पेनात निब आवरणाखाली झाकलेली असते आणि टोकच तेवढे बाहेर डोकावते. दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन ते समोरून पाहावे : दाण्याचे दोन्ही अर्धे सारख्या आकाराचे आणि एका पातळीत असावेत, त्यांच्यामधली फट सरळ दिसावी. एका बाजूने दाणा घासून सपाट झाला असेल, तर आधीच्या मालकाच्या हाताचे वळण त्यावर उमटलेले असते आणि ते आपल्या हाताला जुळेलच असे नाही. आवरणावर आणि जोडाजवळ बारीक तडे नाहीत ना, हेही उजेडात फिरवून पाहावे.

धुताना साधे किंवा किंचित कोमट पाणीच वापरावे. गरम पाणी आणि स्पिरिट दोन्ही टाळावीत. निब पाण्यात बुडवून दाबपट्टी पुन्हापुन्हा दाबत राहावी आणि रात्रभर पेन तसेच उभे ठेवावे. निबमागे शाई साठवणाऱ्या बारीक पापुद्र्यांत जुनी शाई घट्ट बसलेली असते. अशा एका पेनातून मला चार दिवस निळे पाणी येत राहिले आणि पाचव्या दिवशी ते एकाएकी लिहू लागले. म्हणून दुसऱ्याच दिवशी हताश होऊन पेन उघडण्याची घाई करू नये.

ज्या वाचकांकडे बाजूला तरफ असलेली जुनी पेने आहेत, त्यांनी तरफ जड लागल्यास ती मुळीच ओढू नये. आतली रबरी पिशवी दगडासारखी झालेली असते. जोर लावला तर तरफ वाकते किंवा पेनाच्या अंगाला तडा जातो. पिशवी बदलणे हे तुलनेने सोपे काम आहे.

प्रश्न : अशा पेनात कोणती शाई घालावी?

उत्तर : फाउंटन पेनासाठी बनवलेली, पाण्याने सहज धुतली जाणारी साधी निळी शाई सर्वांत निर्धोक. चित्रकलेची काळी शाई कधीही घालू नये. तिच्यातला चिकट घटक वाळला की पेन बंद पडते. चमचमणाऱ्या कणांच्या शाया नव्या, सहज उघडता येणाऱ्या पेनांसाठी राखून ठेवाव्यात. पेन आठवडाभर वापरात येणार नसेल तर शाई काढून, पाण्याने धुऊन ठेवावे. शाई भरलेले असताना ते निब वर करून उभे ठेवावे.