चकवा, मागकाढ्या आणि पासंग

नांदेडच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने विचारलं आहे: "आम्ही चौघं मित्र महाकाय यंत्रमानवांच्या लढाईचा पटावरचा खेळ मराठीत बनवतोय. गायडेड मिसाइलला 'मार्गदर्शित क्षेपणास्त्र' आणि शत्रूची क्षेपणास्त्रं, रडार फसवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक काउंटरमेजरला 'इलेक्ट्रॉनिक प्रतिउपाय' असं पत्त्यांवर छापलं, पण खेळताना कुणी ते शब्द तोंडात घेत नाही. शिवाय प्रतिउपाय घेतलेला गडी हटकून जिंकतो. या दोघांचा 'समतोल' साधायचा म्हणावं की 'संतुलन'?"

तुम्हाला वाटतं हे दोन प्रश्न आहेत, शब्दांचा वेगळा आणि जिंकण्या-हरण्याचा वेगळा. मला ते एकच वाटतात. 'प्रतिउपाय' म्हटलं की उपाय केला, दुखणं संपलं, असा अर्थ मनात बसतो. मग नियमही तसाच लिहिला जातो: हे यंत्र ज्याच्याकडे, त्याच्यावरचा मारा बंद.

आधी क्षेपणास्त्र. क्षेपण म्हणजे फेकणं आणि 'अस्त्र'च्या मुळाशी असलेला 'अस्' धातूही फेकण्याचाच. हातात धरायचं ते शस्त्र, फेकायचं ते अस्त्र. म्हणजे या शब्दात फेकणं दोनदा आलं, पण सुटल्यानंतर वळणं एकदाही नाही. ज्वारीवरची पाखरं हाणायला गोफणीतून गुंडा सुटतो, त्याला मागे बोलावता येत नाही की वळवता येत नाही. तुमचं अस्त्र सुटल्यावरही सावजाचा माग काढत जातं, फरक तेवढाच आहे. 'मार्गदर्शित' व्याकरणाने चुकीचं नाही, पण मार्गदर्शन म्हटलं की आपल्याला दहावीनंतरचं शिबिर आठवतं. माग काढणं हा आपला रोजचा वाक्प्रचार आहे. लाकूडतोड्या, वाटमाऱ्या या चालीवर 'मागकाढ्या' का म्हणू नये? "दोन मागकाढे सोडले," असं पटावर बसून सहज म्हणता येतं. न वळणाऱ्या अस्त्राला 'गुंडा' म्हणा, गोफण पाहिलेल्या माणसाला वेगळं समजवावं लागणार नाही.

लक्ष्य लॉक करण्याला 'नेम धरणे' आहेच. पण 'शिस्त धरणे'सुद्धा आहे. शिस्त म्हणजे नेम, हा फारसीतून आलेला अर्थ जुन्या मराठीत रुळलेला होता. आज आपण तो शब्द शाळेच्या रांगेपुरताच ठेवलाय. "शिस्त बसली", "शिस्त तुटली" हे तुमच्या खेळात ऐकायला मिळालं तर मला मनापासून आनंद होईल.

आता मूळ अडचण. इलेक्ट्रॉनिक काउंटरमेजर ही एक गोष्ट नाही. शत्रूच्या रडारवर नुसता गोंधळ ओतायचा, तो 'गलका'. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवर जाताना ब्रिटिश विमानांनी ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे ढीगच्या ढीग हवेत सोडले आणि जर्मन रडारना पट्ट्या कुठल्या, विमानं कुठली हे कळेना. ते 'बुजगावणं'. बुजगावणं पाखराला बुजवून लांब ठेवतं आणि या पट्ट्या नजर आपल्याकडे ओढतात हे खरं, पण खोट्याला खरं भासवण्याचा धर्म तोच. आणि जे मागकाढ्याला खोटी वाट दाखवून भलतीकडे नेतं, त्याला आपल्याकडे नाव तयारच आहे: चकवा.

परभणीकडच्या आमच्या गावात रात्री रानातून येताना चकवा लागतो म्हणायचे. माणूस चालतो चालतो आणि फिरून त्याच बांधावर येतो. आजोबा बजावायचे, "चकवा लागला तर चालत सुटू नको. जागीच बस. तांबडं फुटलं की वाट आपोआप दिसते." या एका सांगण्यात तुमचा नियम आहे. चकवा वाट चुकवतो, पाय मोडत नाही, आणि त्याला उतारा असतो. चकव्यात सापडलेल्या गड्याने एक पाळी जागीच थांबून, मारा न करता, पुन्हा शिस्त धरावी. गलक्याचा उतारा याहून सोपा: जो ओरडतो त्याची जागा कळते. खऱ्या लढाईतही शत्रूच्या गोंगाटाच्याच उगमावर चालून जाणारी क्षेपणास्त्रं असतात. म्हणून गलका करणाऱ्या यंत्रमानवावर मागकाढ्याचा फासा वाढवून द्या.

'बॅटलटेक' हा पटावरचा खेळ १९८४ साली 'बॅटलड्रॉइड्स' या नावाने आला. त्यात हीच गाठ सोडवलेली आहे. त्यातलं गार्डियन नावाचं ईसीएम, म्हणजे इलेक्ट्रॉनिक काउंटरमेजरचं यंत्र दीड टनाचं, पल्ला सहा घरांचा. एक घर ३० मीटरचं, म्हणजे १८० मीटर. क्षेपणास्त्रं सोडणारा वीस नळ्यांचा लांब पल्ल्याचा क्षेपक मात्र दहा टनांचा. दीड टनाने दहा टन निकामी केले असते तर क्षेपक कुणी घेतलाच नसता. म्हणून नेहमीच्या नियमांत गार्डियन साधा मारा अडवत नाही, क्षेपकाला जोडलेली जोडयंत्रं तेवढी आंधळी करतो. आर्टेमिस हे जोडयंत्र असलं की किती क्षेपणास्त्रं लागली हे ठरवणाऱ्या फाशांत दोन मिळवतात. गार्डियनच्या घेऱ्यात ते दोन जातात, बाकीचा फासा तसाच राहतो. हा चकवा झाला. तुमचा 'प्रतिउपाय' मात्र भिंत झालाय.

समतोल की संतुलन? दोन्ही बरोबर. संतुलनावर हिंदीची छाया वाटते म्हणून मी समतोल लिहीन. पण तुमच्या कामाला आणखी नेमका शब्द धान्याच्या मोंढ्यात मिळेल: पासंग. रिकामी पारडी वरखाली असली तर हलक्या बाजूला जे वजन बांधतात ते पासंग. 'संग' म्हणजे फारसीत दगड. "तो त्याच्या पासंगालाही पुरणार नाही," असं आपण म्हणतो ते यावरूनच. दोन्ही पारड्यांत सारखा माल टाकणं हे तुमचं काम नाहीच, कारण मागकाढ्या आणि चकवा एका जातीचा माल नव्हेत. माल टाकण्याआधी काटा सरळ करायचा आहे. तेव्हा चकवा काढून टाकू नका. त्याचं वजन थोडं वाढवा, नाहीतर पल्ला एका घराने कमी करा, आणि दहा डाव खेळून पाहा. "या डावात मागकाढ्याला एकाचा पासंग," असं पत्त्यावर छापलं की वाचणाऱ्याला लगेच उमजेल.

छापताना एवढं सांभाळा: चकवा पुल्लिंगी, अनेकवचन 'चकवे', सामान्यरूप 'चकव्या'. म्हणून 'चकवाच्या पल्ल्यात' नको, 'चकव्याच्या पल्ल्यात' हवं. मागकाढ्याचं अनेकवचन 'मागकाढे'. बुजगावणं नपुंसकलिंगी, ते 'टाकलं' जातं, 'टाकला' नाही. पासंग पुल्लिंगी, तो 'लावतात'.