सील बदलण्याआधी हवा ऐका: वाचकांचे प्रश्न, मिस्त्रींची उत्तरं

प्रश्न: मिस्त्रीकाका, नमस्कार. माझा ट्रेलर न्हावा शेव्याहून भिवंडीला कंटेनर ओढतो. नऊ गिअरचा बॉक्स आहे. मागचं ऑइल सील दोनदा बदललं, तरी थोड्याच दिवसांत फ्लँजभोवती, म्हणजे बॉक्सला प्रोपेलर शाफ्ट जोडतात तिथे, तेल येतंच. गॅरेजवाला म्हणतो, बॉक्स उतरवावा लागेल. आणखी एक, इंजिन बंद केलं की खालून बारीक सूं आवाज येतो आणि सकाळपर्यंत हवेच्या दाबाचा काटा बराच खाली येतो. काय करू?
– एक ट्रेलरमालक, कळंबोली

उत्तर: दादा, बॉक्स एवढ्यात उतरवू नका. तुम्ही आवाजाचं शेवटी, जाता जाता लिहिलंय, पण मला तीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. तेल आणि हवा ही दोन दुखणी वेगळी नसावीत.

तुमच्या बॉक्सला लो आणि हाय अशा दोन रेंज आहेत, आणि रेंज बदलतो तो मागच्या बाजूचा हवेचा सिलिंडर. आत पिस्टन, पिस्टनवर ओ-रिंग म्हणजे रबराची गोल रिंग, आणि पिस्टनचा दांडा बॉक्समध्ये शिरतो तिथे आणखी एक ओ-रिंग. या दुसऱ्या रिंगच्या एका बाजूला हवा असते, दुसऱ्या बाजूला गिअर ऑइल. ती कडक झाली किंवा चिरली की हवा थेट बॉक्समध्ये घुसते. ब्रीदर, म्हणजे बॉक्सचं श्वास सोडायचं छोटं तोंड, मोकळा असेल तर ती तिथून बाहेर पडते, येताना तेलाचे शिंतोडे आणते. ब्रीदर चिखलाने बुजला असेल, आणि उरणच्या रस्त्याला पावसाळ्यात तो बुजतोच, तर दाब आत साठतो आणि सगळ्यात कमजोर जागेतून तेल ढकलतो. मागचं सील हे तेल अडवण्यासाठी आहे, हवेचा दाब सोसण्यासाठी नाही. म्हणून नवं सीलही टिकत नाही.

तपासायला पैसे लागत नाहीत. गाडी सपाट जागी लावा, पार्किंग ब्रेक ओढा, चाकांना ठोकळे लावा, हवेच्या टाक्या पूर्ण भरा आणि इंजिन बंद करा. आजूबाजूला शांतता हवी, म्हणून मी हे रात्री करायला सांगतो. ब्रीदर काढून साफ करा, परत बसवा आणि त्याच्या तोंडावर साबणाचं पाणी लावा. लिव्हर न्यूट्रलला ठेवून आधी लो रेंज घ्या, थोडा वेळ थांबा, मग हाय घ्या. ब्रीदरवर एकाच रेंजमध्ये बुडबुडे आले तर दांड्याची ओ-रिंग गेली. ब्रीदर शांत आहे, पण रेंज व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टमधून, म्हणजे वापरलेली हवा सोडायच्या तोंडातून, दोन्ही रेंजमध्ये हवा सुटतेय, तर पिस्टनची रिंग गेली. अशा वेळी रेंजही नीट बदलत नाही. फक्त पाईपच्या जोडावर फेस आला तर पाईपचं टोक सरळ कापून पुन्हा बसवा.

ही कामं सिलिंडरचं कव्हर उघडून होतात, अख्खा बॉक्स उतरवावा लागत नाही. मात्र उघडण्याआधी टाक्या रिकाम्या करा, दाबाखाली एकही नट सैल करायचा नाही. नव्या रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरे. जास्त थापलं की व्हॉल्व्हची बारीक छिद्रं बुजतात. जोडांवरच्या टेफ्लॉन टेपचे तुकडेही तसेच आत जाऊन अडकतात. बॉक्सकडे जाणाऱ्या हवेचा दाब कमी करणारा रेग्युलेटरही तपासून घ्या. टाकीत ८ बारच्या आसपास, म्हणजे जवळपास ११६ पीएसआय हवा असते, पण पुष्कळ बॉक्सना एवढी चालत नाही. फुलर कंपनीच्या जुन्या रोडरेंजर गिअरबॉक्समध्ये तर रेग्युलेटर ५७.५ ते ६२.५ पीएसआयवर असायचा. तुमच्या बॉक्सचा आकडा कंपनीच्या पुस्तकात बघा आणि गेज लावून मोजा.

हवा कुठेच सुटत नसेल, तरच सीलकडे वळा. तेल भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच हवं, जास्त भरलं तरी बाहेर येतं. फ्लँजवर सील घासतं तिथे नख फिरवा. नख अडकेल इतकी चर पडली असेल तर कितीही सीलं बदला, तेल येणारच. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस आणि सेंटर बेअरिंगही हलवून बघा.

हे काम होईपर्यंत बोरघाटाचं भाडं घेऊ नका. हवेचे मार्ग एकमेकांपासून वेगळे राखणारा चार सर्किटचा प्रोटेक्शन व्हॉल्व्ह ठीक असेल तर ब्रेकची हवा काही प्रमाणात वाचते. पण उतारावर रेंज मधेच अडकली तर गाडी न्यूट्रलमध्ये राहते, इंजिनचा अडसर जातो आणि मागे भरलेला कंटेनर ढकलत असतो. त्या एका भाड्यापायी ड्रायव्हरला या संकटात घालू नका, ही माझी मनापासून विनंती आहे.

प्रश्न: काका, डंपरच्या क्लचच्या डबीतलं ऑइल कमी होतं. खाली एक थेंब दिसत नाही. पेडलही जड झालंय.
– एक वाचक, वडाळा ट्रक टर्मिनल

उत्तर: ऑइल बहुतेक क्लच बूस्टरच्या, म्हणजे हवेच्या जोरावर पेडल हलकं करणाऱ्या भागाच्या, आत जातंय. बूस्टरमध्ये एका बाजूला तुमच्या पायाचं हायड्रॉलिक, दुसऱ्या बाजूला मदतीची हवा. मधलं सील गेलं की ऑइल हवेच्या बाजूला उतरतं आणि बूस्टरच्या एक्झॉस्टमधून बाहेर येतं. तिथे बोट लावा. ओल लागली तर ती वाटीभर पाण्यात सोडा. ब्रेक फ्लुइड पाण्यात मिसळून जातं, गिअर किंवा इंजिन ऑइल वर तरंगतं. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वासही असतो.

मग एकाला पेडलवर बसवा. पेडल सोडलेलं असताना एक्झॉस्टमधून हवा येत राहिली तर आत येणाऱ्या हवेचा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. पेडल दाबून धरल्यावरच येत असेल तर एक्झॉस्टची सीट किंवा मोठ्या पिस्टनचं सील गेलंय.

बूस्टरमध्ये नव्या सीलांचं किट टाकताना डबीत काय ओतलं जातं, यावर स्वतः उभं राहून लक्ष ठेवा. ब्रेक फ्लुइडसाठी बनवलेलं रबर खनिज तेलाने फुगतं. घाईत कुणी इंजिन ऑइलचा घोट ओतला की पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरपासून बूस्टरपर्यंत सगळी सीलं बदलावी लागतात. रबर पेट्रोल-डिझेलने धुऊही देऊ नका. झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच घाला.

प्रश्न: बाबांच्या दोन गाड्या मी सांभाळते. पाऊस सुरू झाला की सकाळी रेंज उशिरा पडते, दुपारी ठीक होते.
– एक वाचक, तुर्भे

उत्तर: ताई, टाक्यांचे ड्रेन उघडून काय पडतं ते बघा. मुंबईची पावसाळी हवा दमट, ती दाबली आणि थंड झाली की टाकीत पाणी साचतं. नुसतं पाणी असेल तर एअर ड्रायरचं, म्हणजे हवेतली ओल शोषणारं, कार्ट्रिज बदला. दुधासारखा चिकट राप किंवा काळं तेल पडलं तर कंप्रेसरच्या पिस्टन रिंगा तेल सोडताहेत. ते तेल पुढे व्हॉल्व्हमध्ये जमून सगळं सुस्त करतं आणि नवं कार्ट्रिजही लवकर खराब होतं. म्हणून आधी कंप्रेसर, मग कार्ट्रिज. ड्रायव्हरला रोज रात्री ड्रेन ओढायला सांगा.