ना-हरकत मागायच्या आधी जुना करार काढून वाचा

नमस्कार. तुमच्या मामांनी १९९९ साली केलेला मराठी गेम, माळ्यावर सापडलेल्या त्याच्या दोन सीड्या, आता तो ऑनलाइन विकायचा म्हणून जुन्या वितरक कंपनीकडे ना-हरकत मागणाऱ्या पत्राचा तुमचा मसुदा... वाचून राहवलं नाही. ते पत्र कृपा करून अजून पाठवू नका. मी पाठवलं होतं.

आमचा गेम २००२ चा. एरंडवण्यातल्या एका फ्लॅटमध्ये तिघांनी रात्री जागून केलेला. कोडी सोडवत गड चढायचा. एका वितरकाने तो सीडीवर विकला, पुढे त्या वितरकालाच दुसऱ्या एका कंपनीने घेतलं. २०१८ मध्ये आम्ही ठरवलं की स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, टाकायचा. करार शंभराच्या स्टॅम्प पेपरवर होता, फायलीत पडलेला. तो उघडून न बघताच मी नव्या कंपनीला पत्र लिहिलं आणि सभ्यपणा म्हणून त्यात एक ओळ घातली: ‘आपल्याकडे असलेल्या हक्कांच्या अनुषंगाने आपली परवानगी मिळावी.’

मग हेलपाटे. साहेब मीटिंगला गेलेत, लीगलकडे पाठवलंय, लेटरहेडवर आणा, लेटरहेड चालणार नाही तिघांच्या सह्या आणा. पुढच्या खेपेला टेबलावर नवा माणूस, त्याला सगळं पहिल्यापासून सांगायचं. अकराव्या महिन्यात उत्तर आलं, चार ओळींचं. ‘आपणच आपल्या पत्रात मान्य केल्यानुसार’ हक्क कंपनीचे आहेत, सबब निम्मं उत्पन्न द्यावं. माझीच ओळ मला परत आली होती. आजही ते आठवलं की संताप होतो. गेमचं नाव नीट माहीत नसलेल्या लोकांनी आमच्या कामावर निम्मा हिस्सा सांगितला, आणि सांगायची सोय मी करून दिली.

शेवटी शिवाजीनगरच्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी स्टॅम्प पेपर वाचला, उलटून मागची बाजू बघितली आणि विचारलं, ‘मुदत कुठे लिहिलीय?’ कुठेच लिहिलेली नव्हती. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ (५) आहे: हक्क लिहून देताना मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षं धरायची. म्हणजे २००७ सालीच सगळं आमच्याकडे परत आलं होतं. कलम १९ (६) त्याच्याही पुढचं: प्रदेश लिहिला नसेल तर हक्क फक्त भारतापुरते दिले असं समजायचं. म्हणजे परदेशातल्या विक्रीवर त्यांचा हक्क एक दिवसही नव्हता. नुसता परवाना दिला असेल तरी कलम ३०अ मुळे हेच नियम लागतात, असं त्या म्हणाल्या. हक्क काही पत्रातल्या एका ओळीने जात नाहीत, पण ती ओळ निस्तरायला नोटिसांमध्ये आणखी सात महिने गेले, आणि खर्च झाला तेवढी कमाई गेमने अजून केलेली नाही.

मी वकील नाही. तुमच्या करारात मुदत लिहिलेली असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. आणि मामा त्या कंपनीत पगारावर असतील तर प्रकरणच वेगळं, कारण नोकरीत केलेल्या कामाचे हक्क पहिल्यापासून नोकरी देणाऱ्याचेच असतात, वेगळा करार नसेल तर. एका तासाची फी भरा आणि कागद दाखवा. पत्र त्यानंतर.

जुने गेम कोडपेक्षा कागदांपायी अडकतात, हे माझं ठाम मत. ‘सिस्टम शॉक २’ हा गेमही १९९९ चाच. कंपनी बुडाल्यावर त्याचे हक्क चक्क एका विमा कंपनीकडे गेले होते. जुने गेम परत आणणाऱ्या स्टीफन किक यांनी ते शोधून काढले तेव्हा कुठे २०१३ मध्ये तो जीओजी या ऑनलाइन गेम-दुकानात परत आला. ‘नो वन लिव्ह्ज फॉरेव्हर’ या दुसऱ्या जुन्या गेमसाठीही किक यांच्या कंपनीने खटपट केली, पण हक्क नक्की कोणाकडे हेच कोणी ठामपणे सांगेना, आणि तो विषय सोडून द्यावा लागला.

पैशांपेक्षा मोठं नुकसान दुसरंच. कागदांच्या मागे धावताना सोर्स फायलींची सीडी माळ्यावरच राहिली. २०१८ आणि २०१९ चे पावसाळे तिने तिथे काढले. काढली तेव्हा कडेपासून आत बुरशीची नक्षी पसरली होती, उजेडात धरली तर पलीकडचा बल्ब बारीक बारीक छिद्रांतून दिसत होता. गडाची मूळ मोठी चित्रं गेली, ती गेलीच. म्हणून आज संध्याकाळीच दोन्ही सीड्यांची प्रत काढा. आयएसओ प्रकारची फाइल करू नका. त्या काळच्या बऱ्याच गेमांचं संगीत सीडीवर ऑडिओ ट्रॅक म्हणून असायचं आणि आयएसओमध्ये ते येतच नाही. बिन-क्यू प्रत काढा, म्हणजे ऑडिओ ट्रॅकसकट अख्खी सीडी उतरवणारी फायलींची जोडी. एका ड्राइव्हने वाचली नाही तर दुसऱ्याने वाचते. मला चालू ड्राइव्ह जुन्या बाजारात मिळाला, रविवारी सकाळी लवकर जा.

संगीत कोणी दिलं होतं? आवाज कोणाचा? ते नोकरीवर नसतील आणि लेखी काही नसेल तर त्यांचं काम अजून त्यांचंच आहे. आमच्या तबलजी मित्राने एका चहावर सही केली, पण त्यासाठी त्याला आधी शोधावं लागलं. फॉन्टही तपासा. तेव्हाचे मराठी फॉन्ट विकत घेतलेले असायचे आणि गेमसोबत ते पुन्हा वाटायची परवानगी असेलच असं नाही. आम्ही सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणून ‘मुक्त’ फॉन्ट घातला, त्याचा परवाना खुला आहे. काना-मात्रा तपासण्यात महिना गेला.

दुकानाचा भाग सोपा आहे. स्टीमची फी १०० डॉलर, पॅन घालून अमेरिकेचा कराचा फॉर्म, बाकी सीए बघेल. जीओजी जुन्या गेमांना मान देतं, पण निवडून घेतं. नव्याने रंगवायच्या भानगडीत मात्र पडू नका. चित्र जुन्या ६४० बाय ४८० पिक्सेलमध्येच राहू दे; ज्यांनी तो लहानपणी खेळला ते त्याच चित्रासाठी येतील.

करार सापडला की मुदतीचं कलम इथे टाका, नावं झाकून. आणि सीड्या वाचल्या जात नसतील तर निरोप ठेवा. मी कोथरूडला असतो, ड्राइव्ह घेऊन जा.