‘कळवतो’ म्हणाले, मग आता फोन करू का?

प्रश्न : ताई, मी दांडिया बाजारात राहते, सयाजीराव युनिव्हर्सिटीतून बी.कॉम. केलंय, टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर येतं. मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका कंपनीत अकाउंट्स असिस्टंटसाठी इंटरव्ह्यू दिला. चांगला अर्धा तास घेतला, किती पगार हवा ते पण विचारलं आणि शेवटी ‘कळवतो’ म्हणाले. १७ दिवस झाले, काही पत्ता नाही. आई म्हणते फोन कर, बाबा म्हणतात मागे मागे गेलं की किंमत राहत नाही. मला तर नंबर लावायला घेतला की धडधडायलाच लागतं. काय करू?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : अगं, फोन कर, पण आधी मेल टाक. बाबांचं म्हणणं मला कळतं, आपल्या घरांत हे असंच शिकवलेलं असतं, पण तू कोणाकडे उसनं मागत नाहीयेस ना, तू वेळ काढून गेलीस, त्यांनी अर्धा तास बसवून घेतलं, मग पुढं काय झालं हे विचारायचा तुला हक्क आहे.

मी बरीच वर्षं अकाउंट्समध्ये काढली म्हणून सांगते, छोट्या कंपनीत भरती बघणारा माणूस बहुतेक वेळा पगारपत्रकही बघत असतो. ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ हे जीएसटीचं विवरणपत्र, १५ ला कामगारांचा पीएफ आणि ईएसआय, २० ला जीएसटीचंच दुसरं विवरणपत्र ३बी, त्या दिवसांत तुझा फोन आला तर तो ‘हो हो बघतो’ म्हणून ठेवून देणार आणि तुला वाटणार आपल्याला नाकारलं. दिवाळीनंतर तर लाभपाचमेपर्यंत, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीपर्यंत, विचारूच नकोस, अर्धी जीआयडीसी बंद असते. २१-२२ तारखेला सकाळी ११ नंतर कर, तेव्हा माणूस जरा मोकळा असतो.

मेल नवा नको, ज्या मेलवर इंटरव्ह्यूला बोलावलं त्यालाच रिप्लाय दे, म्हणजे त्यांना शोधाशोध नको. चार ओळी पुरे, ‘अमुक तारखेला अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी भेटले होते, काम आवडलं, अजून इंटरेस्ट आहे, निर्णय साधारण कधीपर्यंत होईल ते कळवाल का’. खाली नाव आणि चालू नंबर. घरची अडचण, लग्न ठरतंय वगैरे काही लिहू नकोस. आणि रात्री दहाला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सर काही अपडेट?’ हे तर अजिबात नको.

आमच्याकडे एकदा निवडलेला मुलगा ऐनवेळी भरूचजवळच्या दहेज गावी दुसऱ्या कंपनीत लागला. टेबलावर बायोडेटाचा गठ्ठा तसाच पडलेला, कोणाला उघडायचा कंटाळा, तेवढ्यात साहेब म्हणाले, ‘पेली छोकरीनो काले ज मेल आव्यो हतो ने, एने बोलावो.’ (त्या मुलीचा कालच मेल आला होता ना, तिला बोलवा.) ती दुसऱ्याच दिवशी आली आणि रुजू झाली. गठ्ठ्यात तिच्याइतक्याच हुशार मुली होत्या गं, मला आजही त्यांचं वाईट वाटतं.

मेलनंतर पाच-सहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एक फोन, तोही दोन मिनिटांचा. काय बोलायचं ते कागदावर लिहून समोर ठेव, धडधड कमी होते, खरंच. त्यांना गुजराती सोपं जात असेल तर गुजरातीतच बोल, तुला काय, लहानपणापासून येतं. त्यानंतरही गप्प राहिले तर तिसऱ्यांदा जाऊ नकोस, आणि मधल्या काळात बाकीचे अर्ज थांबवू नकोस, या एका कंपनीपायी १७ दिवस बसून राहिली असशील तर ते मात्र चुकलं. एक वही कर, कुठे अर्ज केला, कोण भेटलं, ‘कळवतो’ कोणत्या तारखेला म्हणाले. पुढच्या इंटरव्ह्यूत उठतानाच विचार, ‘साधारण कधीपर्यंत कळेल, नाही कळलं तर कोणाला फोन करू?’ म्हणजे हा सगळा घोर मुळातच लागणार नाही.

आणि ‘नाही’ आलंच तर शांतपणे विचारून घे कुठे कमी पडले, टॅलीत, जीएसटीत की अनुभवात. सगळे सांगत नाहीत, पण जो सांगेल त्याचं वहीत लिहून ठेव.