पडद्यावर गुण मिळतात, पण गाणे हातात बसत नाही

प्रश्न : गेले आठ महिने मी संगणकाला इलेक्ट्रिक गिटार जोडून एका सॉफ्टवेअरच्या मदतीने शिकत आहे. पडद्यावर सरकत येणाऱ्या खुणा पाहून वाजवले की बहुतेक गाण्यांना ९० टक्क्यांच्या वर गुण मिळतात. मात्र पडदा बंद केला की त्याच गाण्याच्या चार ओळीही वाजवता येत नाहीत. शिवाय तार अगदी वेळेवर छेडली असे मला वाटते, तेव्हाही सॉफ्टवेअर पुष्कळदा ‘उशीर’ असे दाखवते. चूक माझ्या हाताची की यंत्राची?

उत्तर : उशिराची शंका आधी फेडतो, कारण अनेक मेहनती विद्यार्थी या एका शब्दाने विनाकारण खचतात. गिटारचा आवाज संगणकात सलग शिरत नाही. त्याचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात आणि ते गठ्ठ्यागठ्ठ्याने पुढे पाठवले जातात. गठ्ठा २५६ नमुन्यांचा असेल तर तो भरायला सुमारे ६ मिलिसेकंद लागतात, १,०२४ नमुन्यांचा असेल तर सुमारे २३. आणि आवाज परत तुमच्या कानापर्यंत येताना पुन्हा तेवढाच वेळ जातो. त्यात सूर ओळखण्याचा वेळ मिळवावा लागतो. सर्वांत जाड तार मोकळी छेडली की ती सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, म्हणजे एका कंपनालाच १२ मिलिसेकंद लागतात, आणि सूर खात्रीने ओळखण्यासाठी अशी निदान दोन कंपने हाती यावी लागतात. म्हणूनच खालचे सूर वरच्या सुरांपेक्षा उशिरा ओळखले जातात. ब्लूटूथचे हेडफोन वापरत असाल तर ते आजच बाजूला ठेवा. त्यांच्यामुळे होणारा विलंब या सगळ्याहून मोठा असतो. तारेचे हेडफोन लावा, सेटिंग्जमध्ये विलंब जुळवण्याची सोय असल्यास ती वापरा, आणि मग एकच सूर मेट्रोनोमबरोबर (ठरावीक वेगाने ठोके देणाऱ्या यंत्राबरोबर) पन्नास वेळा वाजवून पाहा. दर वेळी जवळजवळ सारखाच उशीर दिसला तर तो यंत्राचा आहे. कधी लवकर, कधी उशिरा असे होत असेल तर लय तुमच्या हातातून सुटते आहे.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही आठ महिने गिटार शिकलात, पण त्याबरोबर पडदा वाचायलाही शिकलात, आणि सध्या दुसरे कौशल्य पहिल्याच्या पुढे गेले आहे. प्रत्येक हालचालीनंतर लगेच ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ असे सांगणारा कोणी सोबत असला की सरावाच्या वेळी कामगिरी सुधारते, पण तो आधार काढताच ती ढासळते, हे साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या संशोधकांनी १९८४ सालीच मांडले होते. त्यामुळे सॉफ्टवेअर सोडू नका, त्याचा क्रम बदला. गाण्याचा चार मात्रांचा एकच तुकडा घ्या, निम्म्या वेगाने पडद्यावर पाहून दोनदा वाजवा, मग पडद्याकडे पाठ करून वाजवा. जिथे बोट अडखळेल तेवढीच जागा वळून पाहा आणि पुन्हा पाठ फिरवून वाजवा. गुण पाहायचेच असतील तर बैठकीच्या शेवटी एकदा पाहा. ‘रॉकस्मिथ २०१४’ या गिटार शिकवणाऱ्या व्हिडिओ गेममध्ये याच हेतूने खुणा हळूहळू पुसट करणारी ‘मास्टर मोड’ नावाची सोय आहे. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तसे काही असेल तर ते जरूर सुरू करा.

गुणांवर फार विसंबू नका, याचे आणखी एक कारण आहे. पहिली, म्हणजे सर्वांत बारीक तार मोकळी छेडून जो सूर येतो, तोच दुसऱ्या तारेच्या पाचव्या, तिसऱ्या तारेच्या नवव्या आणि चौथ्या तारेच्या चौदाव्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरील आडव्या पट्टीवर) मिळतो. सॉफ्टवेअर सूर ऐकते. तो तुम्ही कुठून काढलात, मनगट किती मुडपले, अंगठ्याने गिटारची मान किती आवळून धरली, हे त्याला कळत नाही. या सवयी पुढे वेगाच्या आड येतात आणि दुखणीही आणतात, म्हणून अधूनमधून एखाद्या जाणत्या वादकाला आपला हात दाखवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न : माझ्याकडे साधी अकूस्टिक गिटार आहे. केवळ मायक्रोफोनवर असे शिकता येईल का?

उत्तर : येईल. साथीचा आवाज स्पीकरवर ठेवला तर मायक्रोफोन तोही ऐकतो आणि निकाल गोंधळतो, म्हणून हेडफोन लावा, आणि प्रत्येक बैठकीआधी तारा जुळवून घ्या. एकेकट्या सुरांचा निकाल बऱ्यापैकी विश्वासार्ह असतो. कॉर्डच्या (एकाच वेळी वाजवलेल्या सुरांच्या) बाबतीत मात्र अनेक सूर एकमेकांत मिसळत असल्याने एखादी तार मुकी राहिली तरी ‘बरोबर’ असे दिसू शकते. कॉर्ड धरल्यावर बोटांच्या जागा न बदलता, त्यात वाजायला हवी ती प्रत्येक तार वेगवेगळी छेडून स्वतःच्या कानाने ऐका.