तुझ्याकडे किती वर्षं आहेत?

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

रविवारी रात्री आलेला तुझा मेसेज मी तीनदा वाचला. सिंहगडाच्या घाटात सायकलवर 47 वर्षांच्या एका बाईंनी तुला मागे टाकलं, तू धापा टाकत वर पोचलीस तेव्हा त्या निवांत पाणी पीत उभ्या होत्या. शेवटी तू लिहिलंस, "मावशी, मी 23 ची. आत्ताच ही गत, तर माझ्याकडे वर्षं उरली तरी किती?" रागाच्या भरात विचारलास, पण प्रश्न खरा आहे. फोनवर सांगण्यासारखा नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी त्या घाटाचं बघू. तू पाठवलेली राइडची फाइल मी उघडली. पायांची पॉवर पहिली चार मिनिटं 245 वॉट, शेवटची दहा मिनिटं 152, सगळ्या चढाची सरासरी 178. त्या बाई पुढे गेल्या त्या शेवटच्या टप्प्यात. त्यांनी वेग वाढवला नव्हता गं, तुझा ढासळला होता. पहिल्याच किलोमीटरला तू पाय भरून घेतलेस आणि उरलेला घाट त्याचं कर्ज फेडत बसलीस. 47 व्या वर्षी एवढ्या एकसारख्या चालीनं चढणाऱ्या बाईच्या मागे दहा-बारा वर्षांची सायकल असणार. वयाचा तोटा त्यांना होताच, तो त्यांनी सरावानं भरून काढला. तुझ्याकडे वय आहे, सराव यायचाय.

आता वर्षांचं. वयाबरोबर अंगातली ताकद घटते, हे खरं आहे. पण सगळं एकदम घटत नाही आणि सारखंही घटत नाही.

सगळ्यात आधी जाते ती उसळी. सिग्नल सुटल्यावर, किंवा ग्रुपमध्ये शेवटच्या 200 मीटरला उभं राहून मारतो ती पाच-दहा सेकंदांची ताकद. झटक्याचं काम करणारे स्नायूतंतू वयाबरोबर आधी बारीक होतात, आणि वापरलेच नाहीत तर लवकर जातात. मग हृदयाचे कमाल ठोके उतरतात. 208 मधून वयाच्या 0.7 पट वजा करायचं, असा एक सरासरीचा हिशेब आहे. तुझे येतात 192, माझे 167. माणसामाणसात दहा ठोके इकडेतिकडे होतात, पण दिशा तीच, आणि कितीही व्यायाम केलास तरी ही उतरण थांबत नाही. ठोके कमी म्हणजे मिनिटाला पायांपर्यंत पोचणारा ऑक्सिजन कमी. व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते माप, बसून राहणाऱ्या माणसाचं तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्क्यांनी खाली येतं. जोरकस व्यायाम चालू ठेवणाऱ्यांत ही घट बरीच कमी, जवळपास निम्मी दिसते. या निम्म्यातच आपलं सगळं आयुष्य आहे, पोरी.

तासभर टिकवता येणारी पॉवर, जिला तुम्ही मुलं एफटीपी म्हणता, ती याहून सावकाश उतरते. आणि दिवसभर चालण्याची ताकद सगळ्यात शेवटी. 200 किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरल्या वेळात पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, साडेतेरा तासांची मुदत असते. सुरुवातीला कोण सुसाट जातं आणि दुपारी तीनच्या उन्हात कोण एका लयीत पायडल मारत असतं, ते एकदा बघ. पिकलेले केस बरेच दिसतील.

माझ्या डायरीतले आकडे देते. पेन्सिलीनं लिहिलेले आहेत, पुसट झालेत, पण वाचता येतात. सिंहगड, पायथ्यापासून वर पार्किंगपर्यंत, साधारण 600 मीटर उंचीची चढण. 40 व्या वर्षी 41 मिनिटं. यंदा, 58 व्या वर्षी, 50 मिनिटं. वजन जवळपास तेच, म्हणजे अठरा वर्षांत पॉवर साधारण 18 टक्क्यांनी गेली. पण सोलापूर रस्त्याच्या सपाटीवर मी तेव्हा 30 च्या वेगानं जायची, आता 28 नं जाते. असं का? चढावर तू स्वतःचं वजन उचलत असतेस, तिथे पॉवर जेवढी घटेल तेवढाच वेग घटतो. सपाटीवर लढत वाऱ्याशी असते, आणि वेग थोडा वाढवायला पॉवर कितीतरी जास्त लागते. त्याची उलटी बाजू अशी की पॉवर बरीच गेली तरी वेग थोडाच जातो. म्हणून वय आधी घाटात दिसतं, आणि म्हणूनच घाटात हरल्यावर माणसं मनानं खचतात. नुसत्या घाटावरून स्वतःला मोजू नकोस.

त्याच डायरीत एक कोरा भाग आहे. 44 ते 46. आईच्या आजारपणात सायकल गॅलरीत उभी होती, टायरांतली हवा गेलेली. ते करायलाच हवं होतं, त्याची मला खंत नाही. पण आकडे बघ. 44 पर्यंत मी 41 मिनिटांवर टिकून होते. परतल्यावर वर्षभर घाम गाळला तेव्हा 44 मिनिटं झाली, त्याच्या खाली कधीच आले नाही. दोन वर्षांच्या खंडानं तीन मिनिटं नेली, पुढच्या अकरा वर्षांनी मिळून सहा. नोकरी, लग्न, बाळंतपण, सगळं येईल तुझ्या आयुष्यात. तेव्हा आठवड्याला दोनदा पाऊण तास का होईना, पण धागा तोडू नकोस.

पन्नाशीतलं एक सांगते, कारण मला ते कुणी सांगितलं नव्हतं. पाळी जायच्या सुमारास सहा-आठ महिने माझी पॉवर सारखी घसरत होती. व्यायाम तोच, खाणं तेच, रात्री मात्र तीनतीनदा घामानं जाग यायची. मला वाटलं, आपणच ढिल्या पडलो. म्हणून आणखी जोर लावला, आठवड्याला तीन कडक दिवस केले, आणि गुडघा दुखावून बसले. तेव्हा डॉक्टरांनी हाडांची तपासणी करायला लावली. रिपोर्टच्या कागदावर मणक्याचं चित्र होतं आणि शेजारच्या आलेखावर माझा ठिपका हिरव्या पट्ट्याच्या खाली, पिवळ्यात. वीस वर्षं एवढी सायकल चालवलेल्या बाईचा! सायकलवर हाडांना दणका बसत नाही, वजन पेलावं लागत नाही, त्यामुळे नुसत्या सायकलीनं ती मजबूत होत नाहीत. त्यात इस्ट्रोजेन कमी झालं की झीज वाढते. तेव्हापासून आठवड्यातले दोन दिवस जिम: स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेतानं पण खरोखरचं वजन. कडक दिवस दोनच, आणि मधे किमान दोन दिवस हलके. तू शनिवारी आणि रविवारी लागोपाठ दम काढू शकतेस. मला मंगळवारपर्यंत पाय परत मिळत नाहीत. वयाचा सगळ्यात मोठा फरक मला पॉवरमध्ये नाही, या सावरण्यात जाणवतो.

आता तुझं. हाडांचा साठा तिशीपर्यंतच भरतो, पुढे तो फक्त सांभाळायचा असतो. मागे तू म्हणालीस की वॉट प्रति किलो, म्हणजे पॉवर भागिले वजन, हा आकडा वाढवायला रात्रीचं जेवण सोडलंयस. ते आजच बंद कर. खाण्याअभावी पाळी लांबली किंवा थांबली तर ती फिटनेसची खूण नाही, शरीर हाडांतून वसुली करतंय त्याची खूण आहे. तसं झालं तर संकोच न करता डॉक्टरकडे जा, हवं तर मी बरोबर येते. आकड्यातला खालचा किलो कमी करण्यापेक्षा वरचा वॉट वाढव.

आणि "वर्षं किती" म्हणशील, तर ऐक. 2020 साली तादेय पोगाचार टूर द फ्रान्स ही सायकलची मोठी शर्यत जिंकला तो 22 व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. 2016 ला रिओत क्रिस्टिन आर्मस्ट्राँगनं सायकलच्या टाइम ट्रायलचं, म्हणजे एकटीनं घड्याळाविरुद्ध चालवायच्या शर्यतीचं, ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं तेही वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, 43 व्या. ते तिचं लागोपाठ तिसरं ऑलिंपिक सुवर्ण होतं. तुझ्यात आणि त्या 43 मध्ये वीस वर्षं आहेत.

पण मला खरा धीर दिला तो फ्रान्सच्या रोबेर मार्शां आजोबांनी. 1911 चा जन्म. शंभरी ओलांडल्यावर, 2012 साली, त्यांनी ट्रॅकवर एका तासात 24 किलोमीटरच्या थोडं वर सायकल चालवली. मग शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली दोन वर्षं सराव केला, बहुतेक हलका, थोडा कडक. त्या काळात त्यांची कमाल पॉवर 90 वॉटवरून 125 वर गेली, व्हीओटू मॅक्स 31 वरून 35 वर. 2014 मध्ये, 102 व्या वर्षी, त्याच एका तासात 26.927 किलोमीटर! मी तो आकडा कागदावर लिहून, घरात जागच्या जागी सायकल चालवायचा जो ट्रेनर आहे, त्याच्या समोरच्या भिंतीवर चिकटवलाय. वय चढत असतानाही पॉवर चढू शकते, फक्त आधी ती कमावायची जागा शिल्लक असली पाहिजे. तुझ्यात अजून सगळी जागा शिल्लक आहे.

या रविवारी पहाटे साडेपाचला पायथ्याशी ये. पहिले तीन किलोमीटर माझ्या मागे राहायचं, कितीही हळू वाटलं तरी. कुणी पुढे गेलं तर जाऊ दे, बघू नकोस. चौथ्या किलोमीटरपासून तुझी तू, दर पाच मिनिटांनी पाचच वॉट वाढवायचे. आणि निघण्यापूर्वी नीट खाऊन ये, मी डबा तपासणार आहे.

तुझी,
मावशी